बंद सिलिंडरातला आकडा

सेकंडहँड गाडी बघायला गेलेला माणूस काय काय बघतो? पत्र्यावर बोटं आपटून बघतो, टायर बघतो, किती किलोमीटर पळाली ते बघतो, एसी लावून बघतो. इंजिनाच्या बाबतीत मात्र कानावर भागवावं लागतं. जिथे खरं काम चालतं ती जागा बंद असते. खाली पिस्टन, वर हेड, बाजूला सिलिंडरची भिंत. आतलं काही दिसत नाही, आणि उघडून बघायचं तर हजारोंचा खर्च.

त्या बंद जागेत काय चाललंय हे बाहेरून कळावं म्हणून एक साधी तपासणी आहे. तिला कॉम्प्रेशन टेस्ट म्हणतात. स्पार्क प्लग काढायचा, त्याच्या भोकात दाब मोजणारा गेज बसवायचा, सेल्फ मारायचा आणि काटा कुठवर चढतो ते पाहायचं. आकडा येतो पीएसआयमध्ये, म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड दाब आहे त्यात. निरोगी पेट्रोल इंजिनात तो बहुतेकदा १३० ते २०० च्या दरम्यान असतो. नेमका किती, ते गाडीगणिक बदलतं.

दिसायला हे काम पाच मिनिटांचं. पण सिलिंडरातला दाब बाहेरून मोजायचा हा उद्योग सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. या काळात तो आकडा कधी लपवला गेला, कधी त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला, आणि कधी त्याच्या मागे लागून माणसांनी हवेत विष सोडलं. गॅरेजमधला तो छोटा गेज या सगळ्याचा वारस आहे.

वॉटचं गुपित

वाफेचं इंजिन जेम्स वॉटने शोधलं असं अनेकांनी शाळेत ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात न्यूकोमेनची इंजिनं त्याच्या आधी पन्नासहून अधिक वर्षं इंग्लंडच्या खाणींतलं पाणी उपसत होती. वॉटने काय केलं, तर वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडलं. १७६९ साली त्याने त्याचं पेटंट घेतलं. कोळसा प्रचंड वाचू लागला. मॅथ्यू बोल्टन आणि वॉट यांच्या कंपनीची आकारणीही त्यावरच बेतलेली होती. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा कंपनीला द्यायचा. कॉर्नवॉलच्या खाणमालकांना हे चांगलंच झोंबायचं. कोर्टकचेऱ्याही झाल्या.

अशा धंद्यात इंजिन नक्की किती काम करतंय हे कळणं म्हणजे पैसाच. वॉटने एक छोटा सिलिंडर बनवला. त्यात लहानसा पिस्टन, वर स्प्रिंग आणि काटा. हा छोटा सिलिंडर मोठ्याला जोडला की आतला दाब काट्यावर दिसे. अडचण एवढीच, की इंजिन चालू असताना काटा सतत वरखाली नाचे आणि वाचता येत नसे.

१७९६ साली वॉटचा मदतनीस जॉन सदर्न याने त्यावर उपाय काढला. काट्याच्या जागी पेन्सिल लावली आणि तिच्यासमोर कागदाची फळी ठेवली. मुख्य पिस्टन जसा हलेल तशी फळी सरके, आणि दाब बदलेल तशी पेन्सिल वरखाली जाई. एका फेरीत कागदावर एक बंद वळसा उमटे. त्या वळशाच्या आतलं क्षेत्रफळ म्हणजे त्या फेरीत वाफेने पिस्टनवर केलेलं काम. इंजिन स्वतःच्या हाताने आपला हिशेब लिहून देऊ लागलं होतं. या उपकरणाला इंडिकेटर असं नाव पडलं.

कंपनीने ते दडवून ठेवलं. वॉटचं पेटंट १८०० साली संपलं, तरी इंडिकेटरचं गुपित टिकलं. जॉन फेरी या इंग्रज अभियंत्याला ते उपकरण पहिल्यांदा पाहायला मिळालं १८१९ साली, आणि तेही इंग्लंडमध्ये नाही, रशियात. छापील वर्णन १८२२ साली आलं, म्हणजे शोध लागल्यावर पंचवीसहून अधिक वर्षांनी. एवढा काळ इंजिन विकत घेणाऱ्याला त्याच्या आत काय चाललंय हे पाहता येत नव्हतं आणि विकणाऱ्याला येत होतं. पुढे १८३४ साली फ्रान्सच्या क्लापेरॉनने दाब आणि आकारमानाचा असाच आलेख वापरून कार्नोचा उष्णतेचा सिद्धांत मांडला. आज अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात पी-व्ही डायग्राम म्हणून जो येतो, तो हाच.

ऑटोला स्वतःचंच इंजिन कळलं नव्हतं

वाफेच्या इंजिनात दाब बाहेरच्या बॉयलरमधून येतो. आपल्या गाड्यांमध्ये इंधन सिलिंडरातच जळतं. अशी पहिली चालणारी इंजिनं १८६० साली लेन्वारने पॅरिसमध्ये विकायला काढली. त्यांत गॅस आणि हवा आत घ्यायची आणि तशीच पेटवायची. आधी दाबायचं नाही. परिणामी ती खादाड होती, गॅस भरपूर आणि ताकद थोडी.

१८६२ साली बो द रोशा या फ्रेंच अभियंत्याने एका पुस्तिकेत लिहून ठेवलं, की मिश्रण पेटवण्याआधी होता होईल तेवढं दाबावं. आत घेणं, दाबणं, पेटवणं, बाहेर टाकणं हे चार टप्पेही त्याने मांडले. पण त्याने स्वतः इंजिन बनवलं नाही.

बनवलं निकोलाउस ऑटोने, १८७६ साली, कोलोनजवळच्या डॉइट्झमध्ये. आजच्या प्रत्येक फोर-स्ट्रोक पेट्रोल गाडीचं ते मूळ. ऑटोचं इंजिन आपलं मिश्रण जेमतेम अडीचपट दाबत असे. आजच्या गाड्या दहा ते तेरापट दाबतात. तरी लेन्वारच्या मानाने फरक मोठा होता.

गंमत अशी, की ऑटोला यशाचं कारण वेगळंच वाटत होतं. त्याच्या मते खरी करामत थरांची होती. पिस्टनजवळ पातळ मिश्रण, ज्योतीजवळ दाट, त्यामुळे इंधन हळूहळू जळतं आणि धक्का बसत नाही. पेटंटच्या लढाईतही तो या थरांवर अडून राहिला. स्कॉटलंडचा डुगाल्ड क्लार्क आणि इतर जाणकार म्हणत होते, की थरबिर काही नाही, फायदा आधी दाबण्यामुळे होतो. इंडिकेटरचे आलेख त्यांच्या बाजूने बोलत होते. प्रतिस्पर्ध्यांनी बो द रोशाची विस्मरणात गेलेली पुस्तिकाही उकरून काढली. १८८६ साली जर्मनीत ऑटोचं पेटंट मोडीत निघालं आणि चार टप्प्यांचं इंजिन कुणालाही बनवायला मोकळं झालं.

फुटलेला इंडिकेटर

दाबल्याने फायदा होतो हे कळल्यावर पुढचा प्रश्न आपोआप आला: किती दाबायचं? रुडॉल्फ डिझेलचं उत्तर होतं, नुसती हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल आणि फवारलेलं इंधन ठिणगीशिवाय पेटेल. सायकलच्या पंपाचं टोक बोटाने बंद करून जोर लावला की पंप गरम होतो, तेच तत्त्व.

१० ऑगस्ट १८९३ रोजी आउग्सबुर्गमध्ये त्याच्या पहिल्या इंजिनाची चाचणी झाली. इंधन पेटलं. दाब सुमारे ८० वातावरणांपर्यंत गेला आणि तो मोजायला लावलेला इंडिकेटरच फुटला. तुकडे उडाले, डिझेल आणि त्याचा सहकारी थोडक्यात वाचले. म्हणजे पहिल्या डिझेल इंजिनाने कल्पना बरोबर आहे हे दाखवलं ते मोजमापाचं साधन फोडून. १८९७ साली तयार झालेल्या इंजिनाने इंधनातल्या सुमारे २६ टक्के ऊर्जेचं काम करून दाखवलं. त्या काळी दुसरं कुठलंही इंजिन तिथवर पोचत नव्हतं.

आपल्याकडे डिझेल इंजिनाची ओळख मोटारीआधी शेतातल्या पंपाने झाली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली आणि तिची इंजिनं विहिरींवर धडधडू लागली. हँडल मारून चालू होणारं असं इंजिन ज्याने पाहिलंय त्याला कॉम्प्रेशन समजावून सांगायला लागत नाही. आधी डोक्यावरची छोटी दांडी वळवून व्हॉल्व्ह उघडा धरायचा, म्हणजे आत दाब होत नाही. मग हँडल फिरवून जड चाकाला वेग आणायचा आणि दांडी सोडून द्यायची. दाबाचा ठोका बसतो, इंजिन धूर फेकतं आणि चालू होतं. दांडी न वळवता हँडल फिरवायला गेलं तर ते हातालाच जाब विचारतं.

हाताला कळणारा दाब

हाताला कळणारा दाब हीच मोटारींच्या सुरुवातीच्या काळातली कॉम्प्रेशन टेस्ट होती. तेव्हा प्रत्येक गाडी पुढून हँडल मारून चालू करावी लागे. चार सिलिंडरांचे चार अडथळे हाताला जाणवत. तीन जड आणि एक हलका लागला, की एक सिलिंडर दाब धरत नाही हे मालकालाही कळे. प्लग काढून भोकावर अंगठा धरायचा आणि तो किती जोराने उडतो ते बघायचं, ही पुढची पायरी. जुन्या मिस्त्रींना ही युक्ती अजून ठाऊक असते.

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा सेल्फ आला. हँडल उलटून मनगट मोडण्याची भीती संपली, आणि ज्यांच्या अंगात तेवढा जोर नव्हता त्यांनाही गाडी चालवणं सोपं झालं. पण त्याबरोबर गाडी रोज चालू करताना हाताला मिळणारी माहितीही गेली. आता इंजिनाची तब्येत कळायला गेज लावावा लागणार होता.

दाबाची किंमत

केटरिंगच्याच प्रयोगशाळेतून या गोष्टीचा सगळ्यात काळा भाग सुरू होतो.

मिश्रण जास्त दाबलं की ताकद वाढते आणि पेट्रोलही कमी लागतं. पण एका मर्यादेपलीकडे मिश्रणाचा न जळलेला भाग आपलाआपण भडकतो आणि इंजिनात हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. हे नॉकिंग. ते वाढलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. इंग्लंडच्या हॅरी रिकार्डोने पहिल्या महायुद्धानंतर चालू असतानाच दाब कमीजास्त करता येईल असं इंजिन बनवलं आणि कुठलं इंधन किती दाब सोसतं हे मोजून दाखवलं. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये मिश्रण फक्त चारपटीच्या आसपास दाबलं जात होतं. त्याहून खूप वर जायचं तर वेगळं इंधन हवं होतं.

जनरल मोटर्समध्ये केटरिंगच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजलीने पेट्रोलमध्ये काय काय घालून पाहिलं. आयोडीन, अॅनिलीन, सेलेनियम. टेल्युरियम घातलं तर अंगाचा वास जाता जाईना. शेवटी ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेडचा प्रयोग झाला. चिमूटभर घातलं आणि नॉकिंग बंद झालं. अल्कोहोल मिसळूनही ते थांबतं हे तेव्हा माहीत होतं, पण ते बरंच जास्त मिसळावं लागे आणि त्यावर कुणाला पेटंटची मक्तेदारी मिळण्यासारखी नव्हती. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात हे पेट्रोल विकायला आलं, ‘एथिल’ या नावाने. नावातून ‘लेड’, म्हणजे शिसं, वगळलेलं होतं.

शिसं विषारी असतं हे जग फार पूर्वीपासून जाणत होतं. मिजली स्वतः त्यामुळे आजारी पडून सुट्टीवर गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊ लागले आणि पाच जण मेले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांपुढे त्या द्रवात हात धुऊन आणि त्याचा वास घेऊन दाखवला. अॅलिस हॅमिल्टनसारख्या कामगार-आरोग्याच्या अभ्यासक विरोध करत राहिल्या. सरकारी समितीने १९२६ साली बंदीला पुरेसं कारण नाही असा निर्वाळा दिला.

पुढची पन्नास वर्षं इंजिनांचा दाब वाढत गेला. १९६० च्या दशकात अमेरिकन गाड्या मिश्रण दहापट दाबू लागल्या. सिलिंडरात काय होतंय ते अभियंते अतिशय बारकाईने मोजत होते. सायलेन्सरमधून काय बाहेर पडतंय याचं मोजमाप करायची जबाबदारी मात्र कुणावरच नव्हती. ते काम शेवटी एका भूगर्भ-रसायनशास्त्रज्ञाने केलं. पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षं असल्याचं दाखवणाऱ्या क्लेअर पॅटरसनला त्या कामात सतत एक अडचण यायची, नमुन्यांत बाहेरचं शिसं मिसळायचं. ते येतं कुठून याचा माग काढताना त्याच्या लक्षात आलं, की आजच्या माणसाच्या भोवताली असलेलं शिसं निसर्गात असायचं त्याच्या कितीतरी पट आहे. १९६५ साली त्याने हे जाहीर मांडलं आणि तेल कंपन्यांचा रोष ओढवून घेतला.

शिशाचा सगळ्यात जास्त फटका लहान मुलांच्या मेंदूला बसतो. भारतात शिसंविरहित पेट्रोल १९९५ साली मोठ्या महानगरांत सुरू झालं आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर झालं. २००० सालाच्या आधी जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक शहरी वाचकाने लहानपणी थोडं का होईना, ते जुनं पेट्रोल श्वासातून घेतलेलं आहे. जगात शेवटी ते थांबलं अल्जीरियात, २०२१ साली. आता आपल्या पंपांवर उसाच्या आणि धान्याच्या अल्कोहोलचं, म्हणजे इथेनॉलचं, २० टक्के मिश्रण मिळतं. त्यावरचे वाद वेगळे आहेत, पण नॉकिंग थांबवण्याचा हा पर्याय मिजलीच्या टेबलावरही होता.

नीट मोजायचं म्हणजे कसं

आता परत गॅरेजमध्ये येऊ. एवढा इतिहास माहीत असल्यावर गेजवरचा आकडा बघण्याची रीत बदलते. नुसता ‘१४०’ काहीच सांगत नाही. तो कोणत्या अटींवर आला हे कळायला हवं.

इंजिन नेहमीइतकं गरम हवं, कारण तापल्यावर पिस्टन आणि रिंगा फुगून आपल्या मापात येतात. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. ती दमली तर शेवटच्या सिलिंडरच्या वेळी सेल्फ हळू फिरतो आणि बिचारा तो सिलिंडर उगाच आजारी दिसतो. सगळे प्लग काढायचे, एकच नाही. इंधन आणि ठिणगी दोन्ही बंद करायची. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, नाहीतर आत पुरेशी हवाच जात नाही आणि आकडा खोटा कमी येतो. हा नियम न पाळल्यामुळे कितीतरी चांगल्या इंजिनांना विनाकारण दोष मिळतो. प्रत्येक सिलिंडरला सारखेच ठोके द्यायचे, पाच म्हणजे पाच. आणि पेट्रोलचा गेज डिझेल इंजिनाला लावायचा नाही. तिथे दाब दुप्पट-तिप्पट असतो. १८९३ चा इंडिकेटर आठवावा.

शेवटच्या आकड्याइतकाच पहिला ठोकाही बोलका असतो. चांगल्या सिलिंडरात काटा पहिल्याच ठोक्याला निम्म्याच्या वर उडतो. पहिला ठोका कमी आणि मग हळूहळू चढत गेला तर संशय रिंगांवर. पहिला कमी आणि पुढेही फारसा चढला नाही तर संशय व्हॉल्व्हवर. खात्री करायला त्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजायचं. तेल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर बहुधा गॅस्केटच, तो दोघांच्या मधे फाटलेला असतो.

सिलिंडरांनी एकमेकांशी जुळणं हे आकड्याच्या उंचीपेक्षा महत्त्वाचं. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली नसावा असा ढोबळ नियम आहे. फार जास्त आकडाही चांगला नसतो, आत कार्बन साचून जागा कमी झाली की तसा येतो. जागाही बघावी लागते. मुंबईत समुद्रकाठी १८० दाखवणारं इंजिन महाबळेश्वरला साधारण १५३ दाखवेल. त्यात इंजिनाचा दोष नाही. साडेतेराशे मीटर उंचीवर हवेचाच दाब १५ टक्क्यांनी कमी असतो.

आणि फसवणूकही इथेच करता येते. चमचाभर तेलाने आकडा वाढतो हे विकणाऱ्यालाही माहीत असतं. टेस्टच्या आधी प्रत्येक सिलिंडरात थोडं तेल सोडलं, किंवा इंजिनात जाड ऑइल भरलं, की झिजलेलं इंजिन तासाभरापुरतं तरुण दिसतं. बोल्टन आणि वॉटच्या काळी विकणाऱ्याकडे उपकरण होतं आणि घेणाऱ्याकडे नव्हतं. आज गेज ऑनलाइन मागवता येतो, पण तो कसा लावला हे न बघता नुसता आकडा ऐकून घेणारा माणूस फारसा पुढे गेलेला नसतो.

तेव्हा जुनी गाडी घ्यायची असेल तर टेस्ट आपल्या मिस्त्रीकडून आणि आपल्यासमोर करून घ्यावी. प्लग काढल्यावर त्यांची टोकं तेलाने ओली आहेत का ते आधी बघावं. चारही सिलिंडरांचा पहिला ठोका आणि शेवटचा आकडा कागदावर लिहून घ्यावा, शेजारी इंजिन गरम होतं की थंड तेही लिहावं. अर्धा-पाऊण तास जातो. मोबदल्यात हातात आठ आकड्यांचा एक कागद येतो, आणि भाव करताना तो पुढे ठेवता येतो.